कडक गाडी

श्रावण उतरणीला लागला की वडखळच्या पुढे रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग दिसू लागतात. गणपतीला मुंबईची माणसं गावी येणार, तेव्हा कुठे इथे रस्ता आहे याची आठवण होते. डंपर येतो, खड्ड्यात खडी ओततो, वर काळपट काहीतरी शिंपडतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशीच्या सरीत ती खडी बाहेर येऊन पसरते. म्हणजे काल जिथे नुसता खड्डा होता, तिथे आज खड्डा आहे आणि त्याच्या अलीकडे घसरायची सोयही आहे. मी दर वर्षी चिडतो, स्टेअरिंगवर हात आपटतो आणि त्याच रस्त्याने शाळेत जातो.

आज सकाळी पहिला ढीग दिसला तेव्हाच मनात आलं, आता नानांचा फोन येणार. नाना माझे थोरले काका. सबंध भावकीत वयाने सगळ्यात मोठे. उमेदीची वर्षं त्यांनी मिठाचा ट्रक चालवला. मला गाडी त्यांनीच शिकवली, मिठागराच्या बांधावर, दोन्ही बाजूंना पाणी. "क्लच सोरताना हात थरथरला तं गेलास खारीत," असं सांगून ते शेजारी बिडी ओढत बसायचे. त्यांच्या तोंडी गाडीची गारीच होते, आणि श्रावणात त्यांना माझ्या तब्येतीपेक्षा माझ्या गारीची काळजी जास्त असते.

माझी गाडी कडक आहे, हे आमच्या भावकीत सगळ्यांना ठाऊक आहे. हळदीला, साखरपुड्याला कुठेही जायचं असलं की कुणीतरी म्हणतंच, "दिनूमास्तरच्या गाडीत बसायचं तर कमरेला पट्टा बांधून बसा." मग सगळे हसतात. मीही हसतो. पण मला ते लागतं, कारण गाडीच्या सस्पेन्शनपायी मी एक अख्खा पावसाळा घालवला आहे. तीन वर्षं झाली त्याला. तो पावसाळा आठवला की मला मातीचा वास वगैरे आठवत नाही. मला ग्रीसचा वास आठवतो, ओल्या पायपुसणीचा आठवतो, आणि मांडीवर पाट घेऊन शेजारच्या सीटवर बसलेले नाना आठवतात.

पाटाची गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्या भावकीचा गणपती एकच, शाडूचा, आणि तो पेणच्या कारखान्यातून येतो. आषाढात आपला पाट कारखान्यात नेऊन द्यायचा, कारखानदार त्या पाटावर मूर्ती बसवून देतो. पाट धरायचा मान घरातल्या थोरल्या पुरुषाचा. तो जोवर आपणहून सोडत नाही तोवर त्याचाच. पूर्वी म्हणे वाटेत मूर्तीच्या हाताला तडा गेला होता. ते साल फार वाईट गेलं, असं जुनी माणसं सांगतात. तेव्हापासून नानांनी एक रीत घातली. पाट पेणला पोचवायला जायचं त्याच खेपेला गाडीची परीक्षा घ्यायची. पाटावर गळ्यापर्यंत भरलेला तांब्या ठेवायचा, पाट मांडीवर घ्यायचा आणि निघायचं. पेण येईपर्यंत पाणी पाटाच्या कडेबाहेर गेलं नाही तर त्या गाडीतून गणपती येणार. गेलं तर दुसरी गाडी बघा.

नानांच्या ट्रकपासून भावकीतल्या निरनिराळ्या गाड्यांनी ही परीक्षा दिली आहे. माझी चंदेरी गाडी आली त्या वर्षापासून मान तिचा. जुनी आहे, डिकीवाली आहे, कंपनीने तिला कधीच वाऱ्यावर सोडलं आहे. पण माझी आहे. पाट मांडीवर घेऊन नाना पुढच्या सीटवर बसायचे, तांब्यातलं पाणी नुसतं गोल गोल फिरायचं, आणि पेणला उतरताना नाना बोनेटवर थाप मारायचे. शाळेत मला आदर्श शिक्षक वगैरे कुणी केलं नाही. ती थाप मला पुरायची.

त्या वर्षी पहिल्याच मोठ्या खड्ड्यात तांब्या पाटावर आडवा झाला.

"गारी आपटते," नाना म्हणाले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजली होती. "पाट आज ठेवायचा न्हाय. फिरव."

पाट घेऊन आम्ही परत आलो. गाडी आपटत होती हे खरंच होतं. शॉकअप तेलाने माखलेले, स्प्रिंगा बसलेल्या. कंपनीच्या शोरूममध्ये गेलो तर काउंटरवरच्या मुलाने गाडीचं मॉडेल ऐकून मान वर केली आणि मी आजोबांची कवळी दुरुस्तीला आणली असावी तसं बघितलं. "ऑर्डर टाकावी लागेल," म्हणाला. केव्हा येईल विचारलं तर तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. बाजारात मिळतात ते नकली शॉकअप मी आधी एकदा घालून बसलो होतो. त्यांनी एक पावसाळाही काढला नाही.

मग मी मोबाइल घेऊन बसलो. ती चूक झाली. तिथे मला कॉइलओव्हर भेटलं. शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग, असा एकच सांगाडा. अंगावर आटे पाडलेले, त्यावर रिंगा. रिंग फिरवली की गाडी वर-खाली, आणि वरचं बटण टिचक्या देत फिरवलं की शॉकअप कडक किंवा मऊ. आपल्याला हवं तसं. आयुष्यात मला हवं तसं फिरवायला मिळालेलं काहीच नाही. शाळेचं वेळापत्रक नाही, बदली नाही, रस्ता तर नाहीच नाही. ते बटण बघून मी पाघळलो.

माझी बायको वंदना हिने एकच प्रश्न विचारला. "हे लोक ज्या रस्त्यावर चालवतात तो रस्ता कुठाय?"

तिचा प्रश्न बरोबर होता, आणि म्हणूनच मला तिचा राग आला. मोबाइलवरची ती सगळी मंडळी रोजच्या वापराची गाडी, रोजच्या वापराची गाडी असं म्हणत होती. पण त्यांचा रोजचा रस्ता म्हणजे पांढरे पट्टे मारलेला, कडेला झाडं लावलेला. एक जण म्हणे स्प्रिंग कडक घ्या, वळणावर गाडी झुकत नाही. दुसरा म्हणे मऊ घ्या, कंबर सांभाळा. तिसरा त्या दोघांना मूर्ख म्हणत होता. चौथ्याने विचारलं होतं की गाडी किती खाली आणायची आहे, आणि त्याखाली शंभर जणांनी उत्तरं दिली होती. मला गाडी खाली आणायची नव्हती. वडखळच्या पुढे खाली आणण्यासारखं काही उरलेलंच नाही.

नवी मुंबईत एका चकाचक दुकानात गेलो. काचेमागे टांगलेली लाल-निळी कॉइलओव्हरं, थंडगार हवा, आणि अंगावर टॅटू काढलेला एक गोड मुलगा.

"सर, कितना नीचे चाहिए?"

"खाली नको. थोडी वर हवी. आणि मऊ."

"वर?" तो हसला, पण सभ्यपणे. "सर, ऊपर करायला कोण कॉइलओव्हर घेतं? मग एसयूव्ही घ्या ना."

मी त्याला गणपतीचं सांगितलं. पाटाचं, तांब्याचं सांगितलं. त्याने सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "सर, टेन्शनच नाय. हे स्ट्रीट सेटिंगचं आहे. कम्फर्ट फुल्ल." मग त्याने मला त्यांच्या गाडीत बसवून एक चक्कर मारून आणली. सिमेंटचा रुंद रस्ता, एक उड्डाणपूल, एक गोल चौक. गाडी लोण्यातून जावी तशी गेली.

"इथे कुठे खड्डा आहे का?" मी विचारलं.

"खड्डा?" तो विचारात पडला. त्याने खरंच आठवून पाहिलं बिचाऱ्याने. "सर, तो मागच्या वर्षी होता एक."

मी घेतलं. किंमत इथे लिहीत नाही, कारण हे वंदनाही वाचेल. तिथेच बसवून मिळत होतं, पण बसवणाऱ्याला म्हणे दोन आठवडे वेळ नव्हता, आणि पेणच्या कारखानदाराचा निरोप येऊन गेला होता, नागपंचमीच्या आत पाट आणा, नाहीतर मूर्ती दुसऱ्याला जाईल. तेव्हा खोकी डिकीत टाकून मी पेणला सलीमभाईंच्या गॅरेजात आलो.

सलीमभाईंनी खोकं उघडलं आणि बराच वेळ नुसतं बघितलं. मग आतला कागद उलटा-सुलटा केला. त्यावर सगळी चित्रं, आणि अक्षरं ना माझ्या ओळखीची ना त्यांच्या. "मास्तर, दो दो रिंगा कशाला दिल्यात? एक ढिली, एक टाइट?" मला जेवढं मोबाइलवर कळलं होतं तेवढं मी सांगितलं. त्यांना जेवढं ऐकायचं होतं तेवढं त्यांनी ऐकलं. दोघांनी मिळून पुढची डावी बाजू आधी उलटी बसवली. पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की भांडणसुद्धा ओरडून करावं लागत होतं. संध्याकाळी गाडी जॅकवरून उतरली तेव्हा पुढून वर आणि मागून खाली, पाण्यावर आलेल्या मगरीसारखी दिसत होती. "बसेल इन्शाल्ला," सलीमभाई हात पुसत म्हणाले. ती बसली नाही. पुन्हा जॅकवर चढली, आणि पुन्हा.

त्या पावसाळ्यात मी रिंगा आणि टिचक्या सोडून दुसरं काही केलं असेल तर ते मला आठवत नाही. पुढची बटणं बोनेटखाली होती, ती सोपी. मागची बटणं डिकीतलं कार्पेट उचलून, आत हात घालून, कोपर सोलून फिरवायची. एकदम मऊ केलं की गाडी खड्ड्यातून बाहेर आल्यावरही कितीतरी वेळ मान हलवत राहायची. कडक केलं की प्रत्येक दगड मणक्यात मोजून घ्यावा लागायचा. मधे ठेवलं तर दोन्ही व्हायचं. रिंग फिरवून गाडी वर घेतली, म्हटलं आता चाकाला हलायला जागा मिळेल. मिळाली. पण स्प्रिंग होती तेवढीच कडक राहिली. रिंग फिरवल्याने उंची बदलते, स्प्रिंगेचा स्वभाव बदलत नाही. मी शाळेत नववीला विज्ञान शिकवतो. स्प्रिंगेचा धडा मी दर वर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवतो. हा विचार मनात आला की मला स्वतःच्या कानाखाली मारावंसं वाटायचं.

त्यात आमची खारी हवा. खाडीचा वारा लोखंडाला सुखाने जगू देत नाही. महिन्याच्या आत रिंगांवर तांबूस पापुद्रा आला. सलीमभाईंनी सायकलची जुनी ट्यूब कापून आट्यांवर चढवली, वर ग्रीस थापलं. इतकी महागाची वस्तू, आणि तिच्यावर सायकलची ट्यूब. दुकानातल्या त्या गोड मुलाला फोन केला तर म्हणाला, "सर, रोज धुवा ना स्वच्छ पाण्याने." आमच्या घरी नळाला पाणी दिवसाआड येतं. हे मी त्याला सांगितलं नाही. फोन ठेवला आणि अंगणात जाऊन चाकाला लाथ मारली. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं ते दिवाळीपर्यंत.

प्रत्येक नव्या सेटिंगनंतर नाना पाट घेऊन यायचे. धुतलेली पॅन्ट, डोक्यावर टोपी, पाट जुन्या साडीच्या धडप्यात गुंडाळलेला. वंदना तांब्या भरून द्यायची. आम्ही निघायचो. कधी पोयनाडला, कधी त्याच्या पुढे, पण कुठेतरी पाणी कडेबाहेर जायचंच.

"अजून कडक हाय रं."

"नाना, याच्याहून मऊ होत नाही."

"मंग मना काय सांगतंस? तांब्याला सांग."

आणि पाट पुन्हा घरी.

एकदा वैतागून मी वंदनाला बसवलं. तोच पाट, तोच तांब्या, तोच रस्ता, त्याच टिचक्या. पेणला पोचलो तेव्हा पाट कोरडा होता. तिने तांब्यातलं पाणी खिडकीतून ओतलं आणि म्हणाली, "झालं की." मी तिथल्या तिथे हिशेब मांडला. वंदनाचं वजन कमी, नानांचं जास्त. म्हणजे नाना बसल्यावर पुढची डावी बाजू दबते, चाकाचा प्रवास कमी होतो, स्प्रिंग रबरावर टेकते, धक्का बसतो. किती सुसंगत होतं सगळं. घरी येऊन मी डावीकडची रिंग नानांच्या वजनाच्या बेताने वर घेतली. दुसऱ्या दिवसापासून गाडी रिकामी असली की उजवीकडे तोंड करून चालू लागली, आणि नाना बसल्यावर पाणी सांडायचं ते सांडलंच.

वंदना काहीतरी बोलणार होती तेव्हा. मी तिला स्प्रिंगेचा धडा ऐकवला, म्हणून ती गप्प बसली असावी.

मधल्या काळात वसंतकाकांचा फोन आला. ते नानांचे चुलतभाऊ, नानांच्या पाठचे, म्हणजे नानांनंतर पाट त्यांच्याकडे जाणार. पनवेलला असतात. स्वभावाने गरीब, गाडी मात्र दांडगी, नवी कोरी, तिच्यात बसलं की बाहेर रस्ता आहे की गालिचा ते कळत नाही. "दिनू, एवढी उस्तवार कशाला करतो? या वर्षी माझ्या गाडीतून नेऊ. नानाला सांग, एकदा तांब्या घेऊन बस म्हणावं माझ्याकडे."

मी नानांना सांगितलं. मला मनातून वाटत होतं, जाऊ दे एकदाचा मान, सुटलो. पण नाना एकदम भडकले.

"त्या गारीत मी बसनार न्हाय."

"अहो, नुसती परीक्षा तर घ्या. पाणी हलणारसुद्धा नाही त्यात."

"न्हाय म्हनतंय ना. गनपती आपल्या गारीनं येल. तू तुजं बटन फिरव."

मला वाटलं, माझ्यावरच्या मायेने बोलतायत. मला भरूनच आलं. मी परत डिकीत डोकं घातलं आणि बटणं फिरवली.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचं निघालो. त्या दिवशी पाट ठेवायलाच हवा होता. मी शाळेत अर्धी रजा टाकली होती. आभाळ भरलेलं पण पाऊस थांबलेला. मी गाडी इतकी हळू चालवत होतो की मागचे रिक्षावाले शिव्या देऊन पुढे जात होते. पोयनाड गेलं. पुढची वळणं गेली. पाणी अजून तांब्यातच होतं, मला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं, आणि मी मनात गणपतीला काय काय कबूल करत होतो ते सांगत नाही. वडखळच्या अलीकडे पुढे ट्रेलर आडवा झाला होता. गाड्यांची रांग लागली. लोक उतरून उभे होते, कुणी शेंगा खात होतं. मी हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं.

सगळं शांत झालं. मला वाटलं, या निवांतपणात पाणी किती उरलंय ते नीट बघून घ्यावं. म्हणून मी मान वळवली.

पाणी हलत होतं.

शेजारून एखादा डंपर जात असेल म्हणून मी बाहेर बघितलं. काही हलत नव्हतं. आमची गाडी उभी होती, पुढची उभी होती, मागची उभी होती. आणि तांब्यात बारीक बारीक लाटा उठत होत्या. नानांचा उजवा हात पाटाच्या कडेला घट्ट धरलेला होता. मनगटापासून थरथरत होता, आणि घट्ट धरावा तसा जास्तच. पाणी काठाला जमलं, तांब्याच्या पोटावरून खाली उतरलं, पाटावर पसरलं, कडेवरून नानांच्या मांडीवर ठिबकलं. नाना खाली बघत नव्हते. समोर काचेतून बघत होते, ट्रक चालवताना बघायचे तसे, लांबवर.

मला आधी राग आला. खरंच आला. अख्खा पावसाळा या माणसाने मला बटणं फिरवायला लावली. माझं कोपर, माझी रजा, माझी अक्कल. वंदनाच्या मांडीवर पाट कोरडा का राहिला ते आता कळलं. वसंतकाकांच्या गाडीत नाना का बसले नाहीत तेही कळलं. त्या गालिच्यावरही पाणी सांडलं असतं, आणि मग दोष द्यायला गाडी उरली नसती. नानांना हे सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी ज्या ज्या वेळी सलीमभाईंकडे धावलो, त्या त्या वेळी त्यांना आणखी आठ दिवस मिळाले होते. तेवढे आठ दिवस पाट त्यांच्याकडे राहिला होता.

मग राग कुठे गेला कळलं नाही. मिठागराच्या बांधावर क्लच सोडणारा माझा हात आठवला, आणि शेजारी बसलेला हा माणूस. मला रडू यायला लागलं आणि ते दिसू नये म्हणून मी वायपर चालू केला. इंजिन बंद, काच कोरडी, वायपर करकरत दोनदा फिरला.

नाना म्हणाले, "लय मोठा खड्डा व्हता."

गाडी उभीच होती.

"हो नाना," मी म्हटलं. "दिसलाच नाही मला."

पुढे ट्रेलर निघाला, रांग हलली. पेणला आम्ही पाट कारखान्यात ठेवला. पाणी सांडलेला पाट कसा ठेवला असं कुणी विचारलं नाही, कारण विचारणारं आमच्यासोबत कुणी नव्हतं. नानांनी उतरताना बोनेटवर थाप मारली नाही. हात खिशात घातलेला होता.

त्या रात्री भावकीच्या बैठकीत मीच उठून बोललो. गाडी कडक आहे, म्हटलं, माझ्या हट्टापायी कडक सस्पेन्शन घालून बसलोय, आता निघत नाही. तेव्हा पाट एकट्याने धरणं धोक्याचं. नाना मागच्या सीटवर बसतील, वंदना बाजूला बसून खालून हात लावेल. बाईमाणसाने पाटाला हात लावायचा का यावर थोडी कुजबुज झाली. वसंतकाका म्हणाले, मग माझीच गाडी घ्या ना. मी म्हटलं, एवढं करून घातलंय तर गणपती माझ्याच गाडीतून येणार. सगळे हसले. मास्तरची खाज बघा, असं कुणीतरी म्हणालं. नाना खाली बघून सतरंजीचा दोरा काढत बसले होते.

गणपती आला. तोंडावर रुमाल टाकलेला, नानांच्या मांडीवर, आणि पाटाखाली वंदनाचे दोन्ही हात. मी आरशातून बघत होतो. तिची बोटं नानांच्या बोटांवर होती, आणि नाना सगळा रस्ता मोरया मोरया म्हणत होते. मूर्तीला केसाएवढाही तडा गेला नाही.

तेव्हापासून परीक्षा बंद झाली. "कशाला पानी नासायचं? गारी कडक हाय, म्हाईत हाय," असं नानांनीच जाहीर केलं.

आता एक गोष्ट फक्त इथे सांगतो. गणपती गेल्यावर मी त्या कॉइलओव्हरच्या मूळ स्प्रिंगा काढल्या आणि अर्ध्या कडकपणाच्या मागवून घातल्या. पुढची बटणं मधल्यापेक्षा थोडी मऊकडे, मागची त्याहून एक टिचकी कमी. डावी-उजवी सारखी. माझी गाडी आज अशी चालते की वडखळचा खड्डा नुसता कानावर येतो, अंगावर येत नाही. मला हे भेटेल त्याला सांगायचं आहे. स्टाफरूममध्ये सांगायचं आहे, त्या टॅटूवाल्या मुलाला फोन करून सांगायचं आहे, कमरेला पट्टा बांधा म्हणणाऱ्यांना तर गाडीत कोंबून फिरवून आणायचं आहे. पण सांगता येत नाही. भावकीतलं कुणी बसलं की मी मुद्दाम खड्ड्यात वेगाने घालतो. ते म्हणतात, अजून कडकच आहे की. मी म्हणतो, काय करणार.

आज संध्याकाळी नानांचा फोन आलाच.

"दिन्या, गारी बघून घेतलीस का?"

"घेतली, नाना."

"कडकच हाय ना अजून?"

"कडकच आहे. तिचं आता काही होणार नाही."

 मागे टीव्ही चालू होता, त्याचा आवाज त्यांनी कमी करायला सांगितला.

"ऐक," ते म्हणाले. "वंदना एका बाजूला बसंल. दुसऱ्या बाजूला वसंताला बसव यंदा. पाट त्यालाच धरू दे, मी नुसता हात लावीन."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गारी लय कडक झालीय रं या सालाला," नाना म्हणाले.

"हो नाना," मी म्हटलं. "फारच."